बैठकीतला समुद्र

चिमीचा फोन आला तेव्हा ताईच्या खुर्चीत एक गृहस्थ आ वासून पडले होते आणि त्यांच्या अक्कलदाढेनं सकाळपासून ताईला जीव नको केला होता. काम चालू असताना फोन घ्यायचा नाही हा तिचा नियम. पण फोन थांबायचं नाव घेईना, तेव्हा मदतनीस बाईनं तो तिच्या कानाशी धरला.

"ताई, पाणी दुधासारखं झालंय."

"कुठलं पाणी?"

"कुठलं काय विचारतेस? समुद्राचं! आणि आईच्या कोरलची कातडी सुटतेय गं. चिंध्या लोंबतायत नुसत्या."

ताईनं दाढ तशीच सोडली, गृहस्थांना शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याच्या हवाली केलं आणि अंगावरचा पांढरा कोट न काढताच गाडीत बसली. वाटेतल्या प्रत्येक सिग्नलला तिच्या तोंडात एकच वाक्य होतं, "दाद्या, आज तुला सोडत नाही मी." अजून तिनं काही पाहिलंही नव्हतं, पण गुन्हेगार ठरला होता. त्यांच्या घरी न्याय असाच चालायचा, आधी शिक्षा आणि सवड मिळाली तर चौकशी.

आज दुपारी आप्पा दवाखान्यातून घरी यायचे होते. समुद्राची काच पुसताना स्टुलावरून त्यांचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण त्यापायी पोरं मोडली. बरे झाल्यावर आप्पांनी कुणाकडे राहायचं, यावरून दवाखान्याच्या जिन्यातच तिघांची अशी जुंपली की शेवटी वॉचमननं हाकललं. दादा म्हणाला, माझ्याकडे. ताई म्हणाली, माझ्याकडे. चिमी म्हणाली, त्यांना त्यांच्याच घरी राहू द्या की, आणि दोघांच्याही शिव्या खाऊन बसली. आप्पांनी निकाल चिमीच्याच बाजूनं दिला, तो भाग वेगळा. तेव्हापासून तिघांचं एकमेकांशी बोलणं बंद होतं. दवाखान्यातल्या पाळ्यासुद्धा दादाची बायको ठरवायची आणि ज्याला त्याला वेगवेगळा फोन करून कळवायची. धाकट्या चिमीमुळे सगळं घर तिला वहिनी म्हणे आणि तिच्या नवऱ्याला दादा. खरं तर ताई दोघांपेक्षाही मोठी, पण सवय ती सवय.

दाराशी चिमी उभी होती. तिच्या हाताला अजून बेकरीतलं पीठ लागलेलं होतं. ताईनं तिच्याकडे पाहिलंही नाही, सरळ आत गेली आणि बैठकीच्या मध्यावर येऊन थबकली.

बैठक आणि जेवणाची खोली यांच्यामधली सगळी भिंत म्हणजे एक मोठी काचेची टाकी, आप्पांचा समुद्र. आयुष्यभर त्यांनी जहाजाच्या इंजिनखोलीत काढलं. खाली तेल, धूर आणि आवाज, वर एवढा समुद्र, पण बघायला सवड कुणाला! म्हणून रिटायर व्हायच्या आधीच घरात आणून ठेवला, असं आई म्हणायची. चिमी शाळेत जायला लागली त्या वर्षी त्यात पहिलं पाणी पडलं. बारीक जीवांनी भरलेले जिवंत खडक आले, वाळू आली, मासे आले. प्रवाळाचे, म्हणजे कोरलचे, बोटाएवढे तुकडे आले आणि वर्षावर्षानं त्यांच्या फांद्या, पंखे आणि ताटल्या झाल्या. मधोमध, उजेडाच्या बरोबर खाली, आईची फांदी होती. आईनं दुकानातून स्वतः निवडून आणलेली, स्वतःच्या हातानं खडकावर चिकटवलेली, गुलाबी. आई गेली तेव्हा ती ताटलीएवढी होती. आता परातीएवढी झाली होती. तिला हत्यार लावायचं नाही, तिचा तुकडा कुणालाही द्यायचा नाही, अशी आप्पांची सक्त ताकीद होती. सख्ख्या मित्रानं मागितला तेव्हा आप्पांनी मैत्री तोडली, पण फांदी तोडली नाही.

त्या फांदीकडे आता बघवत नव्हतं. बुडाकडून वरपर्यंत कातडी सुटून आत पांढरं हाड उघडं पडलं होतं. फक्त शेंड्यांना रंग उरला होता. पाणी धुरकट, काचेवर पांढरी भुकटी. आणि त्यातला पिवळा म्हातारा मासा, ज्याला सगळे मामलेदार म्हणत कारण तो दिवसभर इकडून तिकडे पाहणी करत फिरायचा, तो एका कोपऱ्यात धापा टाकत होता.

दवाखान्यात, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, आप्पांनी तिचा हात धरला होता. "समुद्र तू बघ," ते हळूच म्हणाले होते. "तुझ्याशिवाय कुणाला जमायचं नाही. त्या दोघांवर माझा भरवसा नाही. आणि त्यांना कळू देऊ नकोस, उगाच वाईट वाटेल." आप्पांनी कधी तिला जवळ घेतल्याचं तिला आठवत नव्हतं. शाबासकीसुद्धा त्यांनी कधी पुरी दिली नाही, अर्धी नेहमी हातात राखून ठेवली. पण हे एक वाक्य त्यांनी दिलं होतं, आणि ते तिनं इतके दिवस उशाशी घेऊन झोपावं तसं जपलं होतं. आज दुपारी ते येणार आणि समुद्राकडे बघून फक्त मान हलवणार, एवढंच तिला हवं होतं.

आतल्या खोलीतून काहीतरी फरफटत नेल्याचा आवाज आला. ताई तिकडे वळली. दादा आणि वहिनी मिळून आप्पांसाठी आणलेला दवाखान्याचा पलंग भिंतीला लावत होते. खोलीच्या कोपऱ्यात जिथं नेहमी मिठाच्या पाण्याचं निळं पिंप असायचं, तिथं फरशी कोरडी ठणठणीत होती.

"पिंप कुठंय?" ताईनं विचारलं. जिन्यातल्या भांडणानंतर दादाशी बोललेला तिचा हा पहिला शब्द.

"बाल्कनीत."

"आणि त्यातलं पाणी?"

"ओतून दिलं काल. पलंग कुठं लावू मग, डोक्यावर?"

"ओतून दिलं!" ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे, एक पिंप कायम तयार ठेवायचं, हे आप्पा लहानपणापासून कानीकपाळी ओरडतायत ना? काही बिघडलं तर पाणी बदलता यावं म्हणून? आणि तू, ज्या दिवशी ते लागणार, त्याच्या आदल्याच दिवशी गटारात ओतलंस?"

"मला काय स्वप्न पडलं होतं?"

"बाहेर जाऊन बघ जरा, काय करून ठेवलंयस ते!"

"मी?" दादा कमरेवर हात ठेवून उभा राहिला. त्याचं गॅरेज होतं, आणि गिऱ्हाईक अंगावर आलं की तो असाच उभा राहायचा. "मी आलो तेव्हा असंच होतं. विचार हिला. उलट मीच म्हटलं, या दोघींपैकी कुणीतरी हात दाखवून अवलक्षण केलंय."

"चोराच्या उलट्या बोंबा!"

"ताई, तुझा आवाज खाली."

"माझा आवाज खाली? पहिल्यापासून तुला तो समुद्र खुपतोय. विकून टाका, काढून टाका, पाणी झिरपतं, भिंत ओली होते. आप्पा पडले तेव्हा पहिलं वाक्य काय होतं तुझं? 'त्या डबक्यापायी पडले.' डबकं म्हणालास तू त्याला!"

"म्हणालो. आजही म्हणतो. सत्तरी उलटलेला माणूस स्टुलावर चढतो, कशासाठी? डबक्यासाठी! पण म्हणून मी विष घालीन त्यात? कुठल्या थराला जातेस गं तू?"

चिमी दारात आली. "भांडा. आणखी भांडा. तिकडे मामलेदार मरतोय."

"तू गप्प बस!" दोघंही एकदम म्हणाली, आणि एवढ्यापुरतं त्यांचं एकमत झालं.

चिमी काही गप्प बसणारी नव्हती. "का गप्प बसू? धाकटी म्हणून? तुम्ही दोघं जिन्यात आप्पांची वाटणी करत होतात, जशी काही ती खुर्ची आहे, आज तुझ्याकडे उद्या माझ्याकडे. त्यांना काय हवं ते फक्त मी विचारलं. आणि आता समुद्र मेला तर त्याचीही वाटणी करा."

"समुद्र मेला नाहीये," ताई दातओठ खात म्हणाली.

"मग उभी काय आहेस?"

इतका वेळ वहिनी पलंगाच्या चाकाला खीळ लावत खाली बसली होती. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिनं एक गोष्ट शिकून घेतली होती, की ही माणसं भांडायला लागली की मध्ये पडायचं नाही, बाजूनं जायचं. ती उठली, तिघांच्या बाजूनं बैठकीत गेली आणि समुद्राच्या खालचं कपाट उघडलं. आतल्या पंपावर चुन्यासारखा पांढरा थर जमला होता. तिनं नखानं खरवडून पाहिला. मग कोपऱ्यातला क्षाराच्या पाण्याचा कॅन उचलला, आणि तो इतका हलका लागला की हात वर गेला.

"हा भरलेला होता ना?" तिनं विचारलं. "आप्पा पडले त्याच्या आदल्याच दिवशी मी त्यांना तो भरून ठेवायला मदत केली होती. ते म्हणाले, महिनोन्‌महिने बघायला नको आता."

तिघंही पुढे येऊन कॅनकडे बघायला लागली.

क्षाराचं पाणी म्हणजे प्रवाळाचं जेवण म्हणा, त्यातूनच त्यांचं हाड वाढतं. रोज सकाळी एक माप, कपाटाच्या आतल्या टाकीत, सावकाश ओतायचं. कमी पडलं तर वाढ खुंटते, आणि जास्त झालं तर जेवण बाधतं. दादानं एकदा वाढदिवसाला आप्पांना हे काम आपोआप करणारं मशीन आणून दिलं होतं. "मशीनला माया नसते," म्हणून आप्पांनी ते खोक्यातून बाहेरही काढलं नाही. ते खोकं अजून त्याच कपाटात तसंच होतं, आणि कपाट उघडलं की दादाची नजर पहिली त्याच खोक्यावर जायची.

"पाणी तपासायचा डबा कुठंय?" वहिनीनं विचारलं.

चिमीनं डबा आणून दिला. वहिनीनं काचेच्या नळीत समुद्राचं पाणी घेतलं आणि सिरिंजमधून एकेक थेंब सोडायला लागली. पाणी निळं झालं. थेंब सोडत राहायचं, निळ्याचं पिवळं झालं की थांबायचं, जितके थेंब जास्त तितका क्षार जास्त, एवढं त्या घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एरवी पाचसहा थेंबांत रंग पालटायचा. वहिनी सोडत राहिली. निळंच. आणखी सोडले. निळंच. दादा नकळत पुढे वाकला. चिमीनं तोंडावर हात धरला. पाणी पिवळं झालं तेव्हा सिरिंजमध्ये काही उरलंच नव्हतं.

"कुणीतरी ओतलाय हा," वहिनी म्हणाली. "रोज ओतलाय, आणि बराच. आता चिडू नका, मला रोज पेशंटला विचारावं लागतं, तसंच विचारतेय. समुद्राचं कोण बघत होतं?"

"मी," ताई म्हणाली.

"मी," चिमी म्हणाली.

दादा खोक्याकडे बघत राहिला. पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि लहानपणापासून त्याचं खोटं त्याच्या कानांतूनच फुटायचं.

"दाद्या?"

"घालत होतो एक माप," तो गुरकावला. "रोज. गॅरेज बंद करून जाताना. मला वाटलं, तुम्ही दोघी कसल्या येताय इथं."

"आणि मी बेकरी उघडायच्या आधी," चिमी म्हणाली. "दादा तर समुद्राला डबकं म्हणतो. ताईला तिच्या पेशंटांतून सवड नाही. म्हटलं, मीच घातलं नाही तर उपाशी मरतील."

आता सगळे ताईकडे बघत होते. ती यायची दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. सकाळची वेळ तिला जमत नव्हती, म्हणून तिनं ती दुपारवर ढकलली होती. तिघंही एकमेकांचं तोंड बघायला नको म्हणून आपापली वेळ धरून आले होते, आणि पाठीमागे काही खूण राहू नये म्हणून प्रत्येकानं माप धुऊन जागेवर ठेवलं होतं. पण तिचं एवढ्यावरच थांबलं नव्हतं.

"मागच्या आठवड्यात फांदी बुडाशी पांढरी दिसायला लागली," ती म्हणाली. आवाज आपला नाहीच असं तिला वाटलं. "मला वाटलं, कमी पडतंय. मग मी... जास्त ओतायला लागले. दोन मापं."

"दोन!" दादा ओरडला. "आणि मघाशी कुणाला चोर म्हणत होतीस? वर डॉक्टर म्हणवते स्वतःला! पेशंट मरायला टेकला की औषध दुप्पट करतेस का गं?"

"अरे, मला काय माहीत तुम्ही दोघंही ओतताय! एक फोन करायला काय झालं होतं?"

"तू केलास का?"

"मी का करू? आप्पांनी मला सांगितलं होतं, मला! तुम्हाला कळू देऊ नको म्हणाले होते!"

बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. इतके दिवस जपलेलं ते असं भर बैठकीत सांडलं. आता दोघं चिडतील, म्हणतील, आप्पांची लाडकी, असं तिला वाटलं. पण चिमीचा चेहराच उतरला.

"काय म्हणाले होते?" चिमीनं विचारलं. "नक्की काय?"

"तुझ्याशिवाय कुणाला जमायचं नाही."

"त्या दोघांवर माझा भरवसा नाही," चिमी म्हणाली.

"उगाच वाईट वाटेल," दादानं वाक्य पुरं केलं.

मामलेदार काचेला तोंड लावून धापा टाकत होता.

मग दादानं खाली वाकून क्षाराच्या पाण्याचं ते माप उचललं आणि समोरच्या भिंतीवर असं फेकलं की त्याचे तुकडे सोफ्याखाली गेले. "मूर्ख बनवलं आपल्याला," तो म्हणाला. "लहानपणापासून! मला गॅरेज काढताना काय म्हणाले होते माहीत आहे? 'तुझ्या बहिणींना नको बोलूस, पण खरं डोकं तुलाच आहे.' मी, मी... इतकी वर्षं त्या एका वाक्यावर..." दादाच्या डोळ्यांत पाणी ताईनं आईच्या वेळेसही पाहिलं नव्हतं, आणि आता त्याला ते लपवताही येत नव्हतं.

"मला म्हणाले होते, हात फक्त तुझ्यात आहे आईचा," चिमी म्हणाली. "आणि ताईला सांगू नको."

ताईला राग आला, पण तो कुठं ठेवावा ते तिला कळेना. दादावरचा राग सोपा होता, वर्षानुवर्षांचा, बसून बसून खड्डा पडलेल्या खुर्चीसारखा. हा नवीन राग तिच्या अंगात मावत नव्हता. तिघांना तीन खोल्यांत बसवून तिघांनाही एकच खाऊ द्यायचा आणि वर म्हणायचं, दुसऱ्यांना दाखवू नकोस! आणि आपण तो चाटत बसलो, पन्नाशीला आलो तरी. आप्पांचा आला त्याहून जास्त राग तिला स्वतःचा आला.

"रडारड नंतर करा," वहिनी म्हणाली. आज पहिल्यांदाच तिचा आवाज चढला होता. "तुमच्या घरात शिरल्यापासून बघतेय मी, तुम्हाला भांडायला जन्म पुरत नाही. ते दुपारी येणार आहेत. काय वाचवायचं ते बोला."

काम सुरू झालं, पण धुमसतच. चिमी पावाची गाडी घेऊन माशांच्या दुकानात गेली आणि तयार समुद्राच्या पाण्याचे कॅन भरून आणले. दुकानदार इतकं पाणी एकदम द्यायला कुरकुरला, तेव्हा तिनं त्याच्यावरही तोंडसुख घेतलं. दादानं पंप एकेक करून बाहेर काढले, व्हिनेगरात बुडवले आणि जुन्या टूथब्रशनं घासायला बसला. "हा तर पार जाम," तो पुटपुटायचा, "ह्याला काय, आमच्या घराण्याचं रक्त लागलंय." वहिनी वाळू ढवळू न देता बादलीबादलीनं जुनं पाणी काढत होती आणि नवं सावकाश आत सोडत होती, कारण क्षार एकदम उतरला तर उरलंसुरलंही जायचं.

आईच्या फांदीसमोर ताई एकटीच उभी होती. मरण बुडाकडून वर चढत होतं, हे तिला स्पष्ट दिसत होतं. संध्याकाळपर्यंत ते शेंड्यांपर्यंत पोचणार. उपाय तिला ठाऊक होता, दुकानातल्या मुलालाही ठाऊक असता. जिवंत शेंडे कापून वेगळे करायचे, नव्या खडकावर चिकटवायचे, आणि बाकीचं सोडून द्यायचं.

"आप्पा मारतील तुला," मागून दादा म्हणाला.

"मारू देत."

"ताई, खरंच सांगतो. त्या फांदीला हात लावलास तर ते घरात ठेवून घेणार नाहीत."

"मग काय करू? सगळी मरू देऊ? म्हणजे त्यांचा शब्द राहील आणि आईचं काही राहणार नाही?" तिनं पर्समधून हत्यारांची पेटी काढली. हाड छाटायची चिमटी, जी तिनं हजार तोंडांत घातली असेल, तिच्या मुठीत बसली. पण हात पुढे जाईना.

दादा व्हिनेगरात भिजलेले हात पुसत जवळ आला. स्टूल ओढून त्यानं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. हेच स्टूल, ज्यावरून आप्पा पडले होते. "चढ," तो रागानंच म्हणाला. "आणि पडू नकोस. दुसऱ्या खुब्याला माझ्याकडे वेळ नाही."

ताई चढली. कोटाची बाही कोपरापर्यंत सारून हात पाण्यात घातला आणि पहिला शेंडा कापला. कडकन आवाज झाला, तसा चिमीनं श्वास आत घेतला. मग दुसरा. ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती शिव्या देत होती, फांदीला, क्षाराला, आप्पांना, आणि मध्येच एकदा आईलाही, ही असली माणसं आमच्या गळ्यात मारून स्वतः सुटलीस म्हणून. चिमी खालून गुलाबी तुकडे ताज्या पाण्याच्या परातीत घेत होती आणि एकेक नव्या खडकावरच्या डिंकाच्या ठिपक्यावर बसवत होती. मूठभर शेंडे निघाले. बाकीचं पांढरं झाड ताईनं बुडातून उचकटलं आणि तसंच बाहेर काढलं. ते हातात आलं तेव्हा तिला वाटलं होतं त्याहून खूप जड लागलं.

मग दादा आणि वहिनी आप्पांना आणायला गेली.

दुपारी आप्पा चाकाच्या खुर्चीतून आले. वजन उतरलं होतं, शर्टाची कॉलर मोठी झाली होती, पण आवाज तोच, जिन्यातच ऐकू आला, खुर्ची उचलणाऱ्यांना झापणारा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तसं. दादानं खुर्ची बैठकीत आणून समुद्रासमोर लावली.

पाणी निवळलं होतं. पंप चालत होते. मामलेदार कोपऱ्यातून बाहेर आला होता आणि पुन्हा पाहणीला लागला होता. पण जिथं पंधरा पावलांवरून नजर पहिली जायची, तिथं मध्यभागी एक मोकळा खडक होता, आणि त्याच्या बाजूला गुलाबी टोकांची एक ओळ.

आप्पांनी बराच वेळ बघितलं. मग त्यांनी ताईला बोटानं जवळ बोलावलं. ती वाकली. त्यांनी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि हळूच म्हणाले, "तुला सांगितलं होतं ना, त्या दोघांवर सोडू नकोस."

ताई सरळ उभी राहिली.

"मोठ्यानं बोला, आप्पा."

"काय?"

"आत्ता जे माझ्या कानात बोललात ना, ते मोठ्यानं बोला. सगळ्यांना ऐकू येऊ दे."

आप्पांनी दादाकडे पाहिलं. दादानं नजर खाली घेतली नाही. त्यांनी चिमीकडे पाहिलं. चिमी हाताची घडी घालून उभी होती.

"काय चाललंय हे?" आप्पा कडाडले. "मरता मरता वाचलोय मी! तिघं एक होऊन माझ्यावर उठलात?"

"पहिल्यांदाच एक झालोय," दादा म्हणाला. "बघून घ्या."

"तिची फांदी कुणी कापली?"

"मी कापली," ताई म्हणाली. "स्टूल दादानं धरलं. तुकडे चिमीनं लावले. पाणी वहिनीनं बदललं. आणि मारली कुणी ते विचारा ना. आम्ही तिघांनी. रोज तिघं येऊन क्षार ओतत होतो. चोरून. कारण तुम्ही तिघांनाही सांगितलं होतंत, तुझ्याशिवाय कुणी नाही."

आप्पांनी हनुवटी वर केली. "मग चुकलं काय माझं? सांगितलं म्हणूनच केलंत ना? तिघांनीही काळजी घेतलीत ना समुद्राची?"

"घेतली, आप्पा," ताई म्हणाली. "तिघांनीही घेतली. म्हणून तर ती मेली."

काचेकडे वळून आप्पा त्या गुलाबी टोकांकडे बघत राहिले, डोळे बारीक करून, पण तेवढं लहान त्यांना दिसेना.

"चष्मा," ते शेवटी म्हणाले. आवाज पार बसला होता. "चष्मा द्या कुणीतरी."

ताई, दादा आणि चिमी, तिघंही एकदम पुढे झाली आणि एकदम थांबली. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मी देते," चिमी म्हणाली. "तुम्ही दोघं बसा."